डिझेल पंपाची गळती: शाफ्ट सीलवर घेतलेला आळ मागे घेतोय

मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की गाडीच्या इंजेक्शन पंपाचं (नोझलना प्रेशरने डिझेल पुरवणारा पंप) पुढचं शाफ्ट सील, म्हणजे पंप फिरवणाऱ्या शाफ्टभोवतीची रबरी रिंग, गेलंय, पंप उतरवावा लागणार, टायमिंग (डिझेल नेमकं कधी सोडायचं ते) नव्याने लावावं लागणार वगैरे. ते सगळं परत घेतो. सील ठणठणीत आहे.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: चार सिलिंडरचं जुनं इंजिन, व्हीई टाइपचा रोटरी पंप (एकच प्लंजर फिरत सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो). तक्रारी दोन. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला येते तेव्हा कुठे पांढरा धूर टाकत सुरू होते, आणि पंपाखाली कायम ओलं. मी या दोन वेगळ्या भानगडी समजून बसलो होतो.

थेंब खाली लटकत होता म्हणून मी गळती पण खालीच शोधली, आणि तिथेच फसलो. डिझेल सरळ खाली पडत नाही, ते बॉडीला चिकटून पसरतं, कास्टिंगच्या खाचाखोचांतून वळसे घेत शेवटी सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकाला जमतं, आणि तिथलं सील बिचारं फुकट बदनाम होतं. या वेळी पंप ब्रेक क्लीनरने धुतला, हवा मारून कोरडा केला आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरवली. इंजिन पाच मिनिटं स्लोवर ठेवलं, काहीच नाही. मग रेसचा लिव्हर हाताने पुढे-मागे केला आणि वरच्या कव्हरवर, लिव्हरचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे पावडर आधी करडी झाली, मग एक बारीक ओघळ निघाला, कव्हरच्या कडेने मागे गेला आणि पंपाच्याच हेडवरून खाली. लिव्हर सोडला की थांबायचा, हलवला की परत चालू.

(नोझलच्या प्रेशर पाइपांवर असली शोधाशोध बोटाने करू नका. तिथे शेकडो बारचं प्रेशर असतं, बारीक धार थेट कातडीत घुसते. पुठ्ठा धरा.)

आता सकाळच्या स्टार्टिंगचं. पंपाच्या इनलेटला पारदर्शक पाइप लावून रात्रभर सोडला, सकाळी बघतो तर पाइपात निम्मी हवा. मग टाकीची लाइन काढून डिझेलचा छोटा कॅन पंपापेक्षा उंच टांगला आणि दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू, फक्त लिव्हरच्या शाफ्टभोवती छान तळं साचलेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चालू असताना पंपाच्या आत काही बारचं प्रेशर असतं, त्यामुळे डिझेल बाहेर येतं. बंद केल्यावर टाकी खाली असल्यामुळे लाइनमधलं डिझेल मागे उतरायला बघतं आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. म्हणजे भोक एकच. मी मधल्या काळात ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना तापवणारे प्लग) बदलून मोकळा झालो होतो ते वेगळंच.

दुरुस्तीला पंप उतरवावा लागला नाही. लिव्हर काढायच्या आधी लिव्हर आणि शाफ्टवर मिळून एक खूण केली आणि स्प्रिंगचे फोटो काढले (काढाच, स्मरणशक्तीचा गर्व नको). कव्हरचे चार अ‍ॅलन स्क्रू काढून कव्हर झटक्यात उचलायचं नाही, शाफ्टचं खालचं टोक आत गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणारी यंत्रणा) स्प्रिंगला अडकलेलं असतं, ते तिरकं करून हळूच सोडवायचं. माझा हात इथे थोडा थरथरला कारण एखादा बारका तुकडा आत पडला तर पुढचा रविवार पण गेला. फुल लोडच्या स्क्रूला (जास्तीत जास्त किती डिझेल जाणार ते ठरवतो) हातही लावला नाही.

लिव्हरच्या शाफ्टवरची जुनी ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं) बाहेर आली ती गोल नव्हतीच, चपटी चौकोनी झालेली, नखाने दाबली तर कट करून तुटली. जुन्या नायट्राइल रबरचं हे होतंच. डिझेलमधल्या अ‍ॅरोमॅटिक्समुळे ते फुगून राहतं, आणि सल्फर काढताना अ‍ॅरोमॅटिक्सही कमी झाले की आक्रसतं. १९९३ मध्ये अमेरिकेत लो-सल्फर डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांच्या गळतीच्या तक्रारी अशाच वाढल्या होत्या. म्हणून नवीन व्हिटॉनची (डिझेलला जास्त टिकणारं रबर) टाकली. शाफ्टचं भोक झिजून लंबगोल झालं असतं तर बुश बसवावं लागलं असतं, नुसत्या ओ-रिंगने भागलं नसतं. माझ्या शाफ्टमध्ये किंचितच खेळ आहे, चालेल.

जोडताना एक घोळ घातला. खूण केलेली असूनही लिव्हर शाफ्टच्या स्प्लाइनवर (दातेरी टोकावर) एक दात चुकवला, आणि सुरू केल्या केल्या इंजिन जे ओरडायला लागलं, नशीब की स्टॉप सोलेनॉइडच्या (करंट गेला की डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) वायरवर हात तयार ठेवला होता. वायर ओढली, बंद. दात बदलला, स्लो परत जागेवर. आणि हो, रिटर्नच्या (जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) पाइपच्या बँजो बोल्टमध्ये, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये, बारीक छिद्र असतं, डोक्यावर आउट लिहिलेलं असतं, तो इनलेटला लावू नका. सुरू करायच्या आधी पंप डिझेलने भरून घ्या, आतल्या सगळ्या भागांना वंगण त्या डिझेलचंच असतं.

आज आठवा दिवस. टाकीची लाइन परत जोडलेली, पारदर्शक पाइप अजून तसाच ठेवलाय, बुडबुडा एकही नाही आणि सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू. फक्त स्टॉप सोलेनॉइडच्या बुडाशी पावडर जराशी करडी दिसतेय. तिथली ओ-रिंग सील किटमध्ये आहेच, रविवारी बघतो.