खडीसाखरेसाठी वीस मिनिटांचा अंधार

“मॅडम, मुलांना व्हिडिओ का नाही दाखवत?” उन्हाळी शिबिरात कुणी ना कुणी पालक हे विचारतातच. मी मुलांना खिडक्यांवर चादरी लावलेल्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटं नुसती बसवून ठेवते आणि मग पकडीत धरून खडीसाखरेचा खडा चिरडते. एका खड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

खडा फुटताना उजेड पडतो. निळसर, पुसट, डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेलेला. कडक साखर अंधारात फोडली की चमकते, हे इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकननं १६२० साली लिहून ठेवलंय. साखर तापत नाही, जळत नाही, मग उजेड येतो कुठून? स्फटिकाला तडा जातो तेव्हा भेगेच्या एका कडेला धन आणि दुसऱ्या कडेला ऋण विद्युतभार उरतो. मधल्या फटीतल्या हवेतून ठिणगी उडते आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. म्हणजे हा उजेड मुख्यतः हवेचा आहे, साखरेचा नाही! आभाळात वीज कडाडते तेव्हाही नायट्रोजन असाच उजळतो. पकडीच्या दोन जबड्यांत मावेल एवढी वीज मुलं पाहतात. मला याहून सुंदर प्रयोग माहीत नाही.

अडचण अशी, की यातला बराचसा प्रकाश अतिनील असतो, आपल्याला न दिसणारा. अमेरिकेत विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलाचा स्वाद असलेल्या साखरेच्या गोळ्या मिळतात. आपल्याकडे अंगदुखीच्या मलमाला येतो ना, तसाच त्यांचा वास. ते तेल अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून ती गोळी दाताखाली फुटली की चांगली चमकते. आपल्या साध्या खडीसाखरेत ती सोय नाही. तिचा पुसट उजेड टिपायला डोळे अंधाराला सरावायला हवेत आणि त्याला वेळ लागतो. शिवाय नजर खड्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवायची. मंद उजेड डोळ्याच्या मधोमध नाही, कडेला चांगला दिसतो. माझ्या फोनवर मी दोनदा चित्रण करून पाहिलं, नुसता काळोख आला.

हा प्रकार साखरेपुरता नाही. गारगोट्या एकमेकींवर घासल्या तरी उजळतात. चिकटपट्टी झटक्यात सोडवली तर सुटणाऱ्या रेषेवर अंधुक झळाळी येते. २००८ साली लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात निर्वात पेटीत अशी पट्टी सोडवून निघालेल्या क्ष-किरणांनी बोटाच्या हाडाचं चित्र घेतलं होतं.

घरी करायचं असेल तर कोरड्या हवेत करा, पावसाळ्यात विद्युतभार टिकत नाही. डोळ्यांना चष्मा हवा, कपचे उडतात. आणि शिबिरात बघायला याल तर फोन बाहेर ठेवून या. एकाचा पडदा उजळला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून अंधारात बसावं लागतं.