मोटरहोमचं इंजिन पुढे की मागे? नवतपा डोक्यात ठेवून ठरवा

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बांधायचं म्हटलं की लोक आधी पलंग कुठे, ओटा कुठे आणि टीव्ही कुठे ते ठरवतात. चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, मग हाताला लागेल ती. निम्म्या कटकटी तिथेच सुरू होतात. इंजिन पुढे असलेली डिझेल गाडी आणि मागे असलेली डिझेल गाडी, दोन्हींत वजन वेगळ्या जागी पडतं, गरमी वेगळीकडे साचते आणि बिघाडही वेगळे होतात. नागपुरात हा फरक जास्तच जाणवतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो, पहिल्या पावसात काळी माती साबणासारखी होते, आणि दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचे तंतू रस्त्याच्या कडेला लोळत असतात.

अमेरिकन व्हिडिओ पाहून मत बनवू नका. तिकडे पुढच्या इंजिनाची मोठी मोटरहोम बहुतेक पेट्रोलवर चालतात आणि मागच्या इंजिनाची डिझेलवर. मागच्यांना ते 'पुशर' म्हणतात. पुढे डिझेल इंजिन असलेली मोठी मोटरहोम तिथे फार थोडी बनली. त्यामुळे तिकडच्या 'पुढे की मागे' या वादात निम्मा वाद पेट्रोल की डिझेल हाच असतो. आपल्याकडे दोन्ही डिझेलच, तेव्हा तो निकाल इथे लागू पडत नाही.

आपल्याकडचे पर्याय मोजके आहेत. फोर्सची ट्रॅव्हलर आणि अर्बेनिया यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. टाटा विंगरमध्ये इंजिनही पुढे आणि ओढणारी चाकंही पुढची. साध्या बस-चेसिस बहुतेक पुढच्या इंजिनाच्याच येतात. मागच्या इंजिनाची गाडी म्हणजे इथे जवळपास नेहमी मोठी लक्झरी कोच. व्होल्वोची बी७आर २००१ मध्ये भारतात आली, आणि तेव्हापासून आपण अशा कुठल्याही बसला 'व्होल्वो'च म्हणतो. म्हणजे सात-आठ मीटरपर्यंतची गाडी हवी असेल तर प्रश्न आपोआप सुटलेला आहे: इंजिन पुढे. शिवाय एकूण वजन ७,५०० किलोच्या आत राहिलं तर ती हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. बारा मीटरच्या कोचला जड वाहनाचं लायसन्स लागतं. घरात ते कोणाकडेच नसेल तर ड्रायव्हर ठेवावा लागेल, आणि त्याची झोपायची सोयही गाडीतच करावी लागेल. हा खर्च पलंगांच्या नकाशात कोणी धरत नाही.

खरा विचार मोठ्या गाडीसाठी करायचा असतो, आणि तो वजनापासून सुरू होतो.

समजा, पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या आसांमध्ये, ६ मीटर अंतर आहे. ३०० लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे ३०० किलो, मागच्या एक्सलच्या १.५ मीटर मागे बसवली. मागच्या एक्सलवर ३०० नाही, ३७५ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून ७५ किलो कमी होतात. टाकी तराजूच्या दांडीसारखी काम करते. तीच टाकी मागच्या एक्सलच्या २ मीटर पुढे आणली तर मागे २०० आणि पुढे १०० किलो पडतात. पुढच्या इंजिनाच्या गाडीत पुढचा एक्सल आधीच भारलेला असतो, म्हणून पाणी, बॅटऱ्या, जनरेटर मागे नेलेले चालतात. फार मागे मात्र नाही. मागच्या इंजिनाच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर मिळून टनाच्या आसपासचं ओझं आधीच मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकलेलं असतं. त्यात मागेच बाथरूम आणि टाक्या घातल्या की स्टिअरिंग हलकं पडतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं वळायला उशीर लावतात आणि मागचे टायर तापतात. अशा गाडीत जड सामान दोन्ही एक्सलच्या मध्ये, शक्यतो पुढच्या बाजूला. सुदैवाने मागच्या इंजिनाच्या कोचमध्ये तिथेच आरपार डिक्की असते, कारण मधून मागच्या चाकांना जोर पोहोचवणारा शाफ्ट जात नाही. पुढच्या इंजिनाच्या गाडीत शाफ्ट मधोमध फिरतो, त्यामुळे टाक्या डाव्या-उजव्या अशा दोन भागांत विभागाव्या लागतात.

कागदावरचा हिशोब पुरेसा नाही, धर्मकाट्यावर जा. पाणी, डिझेल, गॅस, भांडी, गाद्या सगळं भरून, माणसं बसवून. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जवळपास जुळायला हवं. नाही जुळलं तर काट्याच्या अलीकडची-पलीकडची जमीन सपाट नाही, दुसरा काटा शोधा. आकडे चेसिसच्या प्लेटवरच्या एक्सल-क्षमतेशी ताडून पाहा. एकूण वजन मर्यादेत आणि एक एक्सल मर्यादेबाहेर, असं बऱ्याचदा निघतं. रिकाम्या गाडीचं वजन करून समाधान मानणारा बॉडीबिल्डर भेटला तर नमस्कार करून निघा.

आता गरमी. पुढच्या इंजिनाच्या गाडीत बोनेट ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतं, म्हणजे क्लचचा पाय भाजतो. मे महिन्यात तासाभरात चप्पल गरम लागते. लोक बोनेटवर जाड गालिचा टाकतात आणि आवाज तसाच राहिला म्हणून वैतागतात. आवाज आणि धग पत्र्यातून जेवढी येते, त्याहून जास्त फटींतून येते: झाकणाचं रबर, गिअर लिव्हरचा बूट, पेडलची भोकं, वायरिंग जिथून आत येतं ती छिद्रं. आधी ती बुजवा, झाकणाचं रबर नवं टाका. मग पत्र्याला २ मिमी ब्युटाइल शीट आणि त्यावर अॅल्युमिनियमचं तोंड असलेला २५ मिमी नायट्राइल फोम. फटी बुजवायला आणखी एक कारण आहे. सायलेन्सरचा जोड गळत असेल तर धूर याच वाटेने झोपायच्या जागेत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही प्रकारच्या गाड्यांत लावायचाच, पण पुढच्या इंजिनाच्या गाडीत एक ड्रायव्हरजवळ आणि एक पलंगाजवळ.

बाकी पुढच्या इंजिनाचं दुखणं साधं आहे. रेडिएटरला समोरून वारा मिळतो, पंखा इंजिनवरच बसलेला असतो, आणि पट्टा तुटला तर रस्त्याकडेचा मिस्त्रीही बदलून देतो. लांब शाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, तेवढे झिजतात. ठरावीक वेगाला, समजा ६० ते ७० मध्ये, पायाखाली गुरगुर जाणवली आणि वेग बदलताच गेली, तर आधी तेच तपासा. चेसिस लांबवून घेतली असेल तर शाफ्टचं बॅलन्सिंग झालंय का ते विचारा. दुरुस्ती मात्र बैठकीच्या खोलीत होते. इंजेक्टर काढले की डिझेलचे थेंब तुमच्या फरशीवर. म्हणून बोनेटच्या भोवती उचलता येणारी रबर मॅट ठेवा, लाकडी फ्लोअरिंगची हौस तिथे नको.

मागच्या इंजिनाची गाडी चालवताना पुढे शांतता असते. समृद्धी महामार्गावर नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघून सरळ ७०१ किलोमीटर मुंबईकडे जायचं असेल तर हे सुख खोटं नाही. पण त्याच शांततेमुळे इंजिन काय म्हणतंय ते ऐकू येत नाही. पाणी कमी झालं, पट्टा शिट्टी मारायला लागला, पाइप फुटला, यातलं काही ड्रायव्हरपर्यंत पोहोचत नाही. मागच्या जोडचाकातला आतला टायर बसला तरी कळत नाही. म्हणून तापमानाचा वेगळा गेज, कूलंट पातळीचा आवाज करणारा अलार्म, टायरच्या हवेचे सेन्सर आणि मागे इंजिनच्या खणात आग ओळखून विझवणारी यंत्रणा, हे चार खर्च किमतीत धरूनच चला. बसच्या इंजिन-खणातल्या अशा यंत्रणेसाठी एआयएस-१३५ हे मानक आहे. जुन्या कोचमध्ये ती नसू शकते, किंवा असून मुदत संपलेली असते.

मुख्य दुखणं रेडिएटरचं. मागच्या इंजिनाचा रेडिएटर बहुधा बाजूला असतो आणि त्याला समोरून वारा लागत नाही. पंखा ओढेल तेवढीच हवा, आणि ती हवा म्हणजे गाडीच्याच चाकांनी उडवलेली धूळ. त्यात इंजिनच्या आतली वाफ सोडणाऱ्या ब्रीदर पाइपमधून तेलाचा बारीक फवारा बाहेर पडतो. पाइपचं तोंड पंख्याच्या ओढीत असेल तर तेल आणि धूळ मिळून जाळीवर चिखल बसतो. वर कापसाचा तंतू आला की नमदाच तयार होतो. क्षार चढलेल्या ताट्यांचा कूलर जसा नुसता आवाज करतो आणि हवा गरमच फेकतो, तसंच. इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर एकामागे एक असतील तर बाहेरचा पृष्ठभाग चकचकीत दिसतो आणि चिखल दोघांच्या मधल्या फटीत असतो. टॉर्च घेऊन आतल्या बाजूने पाहा.

साफ करायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना. हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट दिशेने आधी कॉम्प्रेसरची हवा मारा. मग डीग्रीझर शिंपडून पंधरा मिनिटं थांबा, पण तो वाळू देऊ नका. नंतर साध्या नळीने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. उतरणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच पुन्हा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली तर जाळीच्या पातळ पत्त्या मुडपतात आणि रेडिएटर कायमचा अर्धा बंद होतो. त्यानंतर ब्रीदरचा पाइप लांबवून त्याचं तोंड पंख्यापासून दूर, खाली न्या. हे न करता नुसतं धुतलं तर काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तेच. विदर्भात फिरणाऱ्या गाडीला दर ५,००० किलोमीटरला, आणि त्याशिवाय कापसाचा हंगाम संपल्यावर मार्च उजाडायच्या आत एकदा, असं मी सांगेन.

चढावर काटा वर जायला लागला तर अॅक्सिलरेटर दाबून धरू नका. एक गिअर खाली घ्या, वेग कमी करा. आरपीएम वाढले की पाण्याचा पंप आणि इंजिनवरून फिरणारा पंखा, दोन्ही जास्त काम करतात. चिखलदऱ्याला, म्हणजे ११०० मीटरच्या आसपास, परतवाड्याकडून चढताना हे उपयोगी पडतं.

मागच्या इंजिनावर पलंग येतो, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर दोन तास तरी खालून धग येत राहते. तिथे थर्माकोल किंवा साधा पीयू फोम नको, दोन्ही पेट घेतात. इंजिनच्या बाजूला जीआय पत्रा, मग २५ मिमी हवेची फट, मग ५० मिमी रॉकवूल, आणि त्यावर प्लाय. गादीखालचं झाकण गॅस स्ट्रटवर उघडलंच पाहिजे. ते स्क्रूने पक्कं करून टाकणारे कारागीर आहेत. इंजिनला हात लावायचा तर मग अख्खा पलंग तोडावा लागतो.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपण्याची सवय दोन्ही गाड्यांत वाईट. बीएस-६ इंजिनात नुसतं आयडलवर राहिल्याने एक्झॉस्ट पुरेसं तापत नाही आणि डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साचते. बॅटरीचा हिशोब करायचा तर एक टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला एक युनिट धरला तरी आठ तासांना आठ युनिटं. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे ९.६ युनिटं. बॅटरीची वीज एसीला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची तूट धरली की रात्र कशीबशी निघते, मेमधली दुपार नाही. डीईएफचा, म्हणजे बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा, कॅन मात्र डिक्कीत उन्हाळाभर ठेवू नका. सतत ३५ अंशांत तो सहा महिनेच टिकतो, त्याहून गरम जागेत आणखी कमी.

चिखलाचं गणित उलटं आहे. मागच्या इंजिनाची गाडी मागच्या चाकांवर बसलेली असते, म्हणून पकड चांगली. पण मागचा भाग लांब आणि खाली, त्यामुळे नाल्यावरच्या रपट्यावरून चढताना बंपर घासतो. ताडोबा, पेंच, नागझिऱ्याच्या आसपासच्या मुक्कामांचे शेवटचे एक-दोन किलोमीटर असेच असतात. विंगरमध्ये जड सामान मागे भरलं तर ओल्या चढावर पुढची चाकं नुसती फिरतात.

राहिला मोह, म्हणजे जुनी लक्झरी कोच. नागपुरातून पुणे, हैदराबाद, इंदूर, रायपूरला धावून निवृत्त झालेली बस मोहात पाडणाऱ्या किमतीत मिळते. इंजिन दमदार, एअर सस्पेन्शन मऊ. पण मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आरसीवर बस आणि आत ओटा-पलंग, अशा अवस्थेत अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. आधी आरटीओत विचारा, मग बयाणा द्या. माझं मत विचाराल तर वर्षातले पंचवीस-तीस दिवस फिरणाऱ्या कुटुंबाने या वाटेला जाऊच नये. पुढच्या इंजिनाची मध्यम गाडी घ्यावी.

तरीही मागच्या इंजिनाचीच हवी असेल तर पैसे देण्याआधी मे महिन्यात दुपारी एक ते चारमध्ये ती चालवून पाहा. निघण्याआधी, इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा. आउटर रिंग रोडवर एसी लावून तासभर धावा, मग थांबून दहा मिनिटं आयडलवर ठेवा आणि काटा चढतो का पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, खूण पुन्हा बघा. पातळी खाली गेली असेल तर पाणी कुठे गेलं ते विक्रेत्याला शोधून दाखवायला सांगा. तोवर किमतीचं बोलणं नको.