गुळाचा बर्फ

पुण्यात महिनाभर राहून अमेरिकेत परत आलो, बॅगा तशाच टाकल्या आणि फ्रिजच्या दाराला पेला लावला. खडखडत बर्फ पडला तो थेट गुळाच्या खड्यांसारखा. आणि याच महिन्यात मी आईला किमान दहा वेळा ऐकवलं होतं, 'आमच्याकडे नळाचं पाणी तसंच पितात.' ती काही बोलली नव्हती. गुरुवारी पाणी बंद म्हणून पिंप भरत होती.

आमचं घर क्लीव्हलँडच्या एका उपनगरात, १९४०च्या दशकात बांधलेलं. पाणीखात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, गरम की गार? सगळ्या नळांना की एकाच ठिकाणी? पहिल्या धारेला की सतत? सगळीकडे तांबूस असतं तर रस्त्यावरच्या लाइनमधला गंज ढवळला असता, फक्त बर्फालाच येतंय म्हणजे दोष घरातला. पुण्यात फोनवर कोणी इतकं शांतपणे सांगेल का, असं लगेच मनात आलं. (सांगेलही. मी फोन कधी केलाय!)

फ्रिजमागची नळी सोडवून बादलीत धरली. पहिलं तांब्याभर पाणी कोऱ्या चहासारखं, मग नितळ. दुसऱ्या सकाळी पुन्हा चहा. नळीमागे नळी शोधत तळघरात गेलो. आधीच्या मालकाने घरभर तांब्याचे पाइप घालून घेतले होते, पण एका कोपऱ्यात जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा दीड फुटी तुकडा तसाच सोडला होता. टोक बंद, पाणी साचलेलं. आणि बर्फाची नळी नेमकी त्यावरच बसवलेली, सॅडल व्हॉल्व्हने.

सॅडल म्हणजे खोगीर. पाइपवर पट्टी आवळायची, दांडा फिरवायचा, आतली सुई तांब्याच्या पाइपला भोक पाडते; लोखंडी पाइपला ते आधी ड्रिलने पाडून घ्यायचं. झालं कनेक्शन! भोक इतकं बारीक की गंजाने तुंबतं, रबर वाळलं की गळतं. कित्येक ठिकाणच्या नियमांत हा व्हॉल्व्ह बसत नाही, तरी दुकानात सर्रास मिळतो. आपल्याकडे चोरून नळ घेणारासुद्धा फेरूल (मुख्य लाइनवर बसवायचा पक्का जोड) लावतो हो! चंद्रावर माणूस उतरवणाऱ्यांच्या देशात माझ्या पोराचं पाणी सुईएवढ्या भोकातून काढलेलं. (फ्रिजचा फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो आणि मी दीड वर्ष बदलला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.)

नुसत्या लोखंडाची इतकी भीती नव्हती. इथली ०.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा रंग-चवीसाठी आहे. पण जुन्या जीआय पाइपच्या गंजात शिसं धरून राहू शकतं, आणि शेजारच्या मिशिगनमधल्या फ्लिंट शहराचं २०१४चं शिसं उतरलेलं पाणी इथे कोणी विसरलेलं नाही. बर्फ ओतून दिला.

प्लंबरने तो तुकडा कापला, तांब्याच्या पाइपवर टी-जोड आणि बॉल व्हॉल्व्ह बसवला, नवी नळी, नवा फिल्टर. सुरुवातीचे दोन-तीन डबे बर्फ फेकून द्या म्हणाला. बिल रुपयांत मोजलं नाही.

कापलेला तुकडा व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. आत गंज इतका की जेमतेम करंगळी जावी. बाबांनी चष्मा सरसावून नीट पाहिला.

"असाच होता आपला," म्हणाले. "१९९१ साली बदलून घेतला."

मागून आईचा आवाज आला, "त्याला सांगा, नळाला फडकं बांध."