वेगापेक्षा पसारा: वाऱ्यांची नवी वर्गवारी कुठवर आली

माझ्या गच्चीवरच्या यंत्रातल्या वाऱ्याच्या जुन्या नोंदी वेगाऐवजी पसाऱ्यानुसार नव्याने लावायचं काम निम्म्यावर आलंय. वेगाचे रकाने मोडीत काढले. झोत किती जोराचा होता ते त्यातून कळतं, पण त्याच्यामागे हवेची केवढी हालचाल होती याचा पत्ता लागत नाही. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेने समुद्रातून गुजरातकडे सरकलं, तेव्हा कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले. त्याआधी 5 ऑगस्ट 2020 ला, आसपास चक्रीवादळ नसताना, त्याच कुलाब्याने शंभरी ओलांडली होती. वेगाच्या रकान्यात दोघं शेजारी बसतात, आणि तेच मला खुपत होतं.

म्हणून हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांची 1981 ची, हवेच्या हालचाली पसाऱ्यानुसार लावणारी मोजपट्टी घेतली. मासो, मेसो, मिसो, मोसो, मुसो: म ची बाराखडीच म्हणा ना. 400 किलोमीटरच्या वर मासो, 4 ते 400 मेसो, 40 मीटर ते 4 किलोमीटर मिसो. खालचे दोन गच्चीवाल्यांच्या कामाचे नाहीत. मेसोचा कप्पा मात्र फारच ऐसपैस आहे, म्हणून त्याच्या आत ऑर्लान्स्की या दुसऱ्या हवामानशास्त्रज्ञाचे 1975 चे भाग वापरतोय: 2 ते 20 किलोमीटर गॅमा, 20 ते 200 बीटा. दोन पद्धतींची अशी खिचडी शुद्धतावाद्यांना रुचणार नाही, पण मुंबईच्या वळवासाठी ती बरी पडते.

एका जागी बसून आकार कसा काढायचा? बॅरोमीटरवरून. वळवाचा गार वारा येऊन थडकला की तापमान धाडकन उतरतं, दिशा फिरते आणि दाबाच्या रेषेला फुगवटा येतो. मुलुंडच्या माझ्या एका मे महिन्यातल्या नोंदीत हा फुगवटा साधारण अर्धा तास टिकला. पाऊस बराच नंतर आला. रडारच्या चित्रांवरून ढग ताशी चाळीसच्या आसपास सरकत होता. गुणाकार केला की वीस किलोमीटर, म्हणजे नेमकं गॅमा-बीटाच्या कुंपणावर! यात गृहीत असं, की डोक्यावरून जाताना त्या हवेचा आकार बदलत नाही. पसरत जाणाऱ्या गार हवेच्या बाबतीत ते ओढूनताणूनच खरं, त्यामुळे अशा नोंदींपुढे मी प्रश्नचिन्ह ठेवतो.

13 मे 2024 चं धुळीचं वादळ मेसोत टाकलंय. घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले, तो दिवस. वादळाचा पसारा आणि प्रत्यक्ष तडाख्याचा पसारा वेगळा असतो, हे इथे आकड्यांत दिसतं. झोत म्हणजे तीन सेकंदांची सरासरी. ताशी 90 किलोमीटर धरले तर सेकंदाला 25 मीटर, म्हणजे तीन सेकंदांत 75 मीटर लांबीची हवा. ते होर्डिंग 120 फुटी, सुमारे साडेछत्तीस मीटरचं. एवढा झोत त्याला अख्खं कवेत घेतो. वादळ मेसो, तडाखा मिसो. तरी बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किलोमीटर धरलेला आहे. वाऱ्याला दोष देण्याआधी हा आकडा बघावा.

आता अडचण शेजारची. पश्चिमेला पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिलाय आणि पावसाळी नैऋत्येचा वारा त्याला वळसा घालून येताना भोवरे सोडतो. वेगाचा काटा नाचतो, बॅरोमीटर ढिम्म. या नोंदी मिसोत घालणं म्हणजे बिल्डरला वादळाचा मान देणं. त्यांना ‘टॉवर’ असा वेगळा रकाना केलाय.

5 ऑगस्ट 2020 अजून लटकलेलाच आहे. पाठीमागचा जोरकस पश्चिमी वारा मासो, त्यात रुतलेले ढग मेसो. तूर्त दोन्हीकडे खूण केलीय.

वळीव यायच्या आत गार वाऱ्याचा सरकण्याचा वेग थेट मोजायचाय, दाबाचा फुगवटा एका जागेहून दुसऱ्या जागी किती वेळात पोचतो त्यावरून. वसई, कल्याण किंवा पनवेलला कुणाकडे दर मिनिटाला दाब नोंदवणारं यंत्र असेल तर कळवा. घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं, दोन मिनिटांचा फरकही हिशोब बिघडवतो. वारामापक नसला तरी चालेल.