टीव्ही एका कंपनीचा, इअरबड्स दुसऱ्या कंपनीचे: माझा अनुभव

"कंपनी वेगळी आहे ना मॅडम, म्हणून जोडले जाईनात." हे वाक्य मला दुकानदारानं ऐकवलं, कस्टमर केअरनं ऐकवलं आणि घरी आलेल्या टेक्निशियननंही ऐकवलं. तिघांचंही चूक होतं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

लातुरात ज्या घरात बारावीचं लेकरू आहे तिथं संध्याकाळी टीव्हीचा आवाज म्हणजे रोजचं भांडण. लेक नीटची तयारी करतेय आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कमी ऐकू येतं. आवाज वाढवला की आतून दार आपटतं. कमी केला की आत्याबाई सुरू, "अगं, नुसती तोंडंच हलूलालेत, काय बोलूलालेत ते कळंना." भावानं दिवाळीत दिलेले इअरबड्स कपाटात पडून होते. टीव्हीच्या खोक्यावर ब्लूटूथचं चिन्ह चांगलं ठसठशीत छापलेलं. म्हणलं, झालं काम.

फोनला ते लगेच जोडले गेले. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये मात्र टीव्ही स्पीकर आणि केबलनं आवाज बाहेर न्यायच्या दोन वाटा, ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी, एवढंच होतं. सगळा मेनू वरून खाली चाळला तेव्हा ब्लूटूथ हा शब्द एकाच ठिकाणी सापडला, तो म्हणजे "रिमोट जोडा" या ओळीखाली. तिथं इअरबड्सचं नाव काही येईना.

गंजगोलाईजवळच्या ज्या दुकानातून टीव्ही घेतला तिथं गेले. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करताच वेगळ्या कंपनीचं कारण सांगितलं आणि टीव्हीच्याच कंपनीचे इअरबड्स काचेवर काढून ठेवले. पटलं नाही. लेकीच्या मैत्रिणीकडं तिसऱ्याच कंपनीचा टीव्ही आहे, त्याला आमचे हेच इअरबड्स सहज लागले होते.

मग कस्टमर केअर. मराठीसाठी अमुक दाबा, टीव्हीसाठी तमुक दाबा, मग ती वाजंत्री, आणि शेवटी जो माणूस येतो तो हिंदीतच बोलतो. आधी म्हणाला रिमोटचे सेल बदला. इअरबड्स जोडायचेत आणि सेल रिमोटचे बदलायचे! तेही केलं. मग म्हणाला फॅक्टरी रीसेट करा. ज्यांना कुणी हा सल्ला देईल त्यांनी आधी एकच विचारा, यानं नेमकं काय होणार? कारण रीसेट केल्यावर वायफाय गेलं, सगळ्या ॲप्समधली लॉगिन गेली, आत्याबाईंनी लावून घेतलेली चॅनलची यादी गेली. वायफायच्या पासवर्डात मोठी अक्षरं आहेत, आकडे आहेत, मध्येच ॲट-द-रेट आहे. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठायचं आणि चुकून मागचं बटण दाबलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं होऊन साउंडच्या मेनूत पुन्हा तेच तीन पर्याय. फोन केला तर म्हणे, इअरबड्स आमच्या कंपनीचे आहेत का?

आता यात चिडायचं कारण सांगते. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या ब्लूटूथसाठी एकत्र आल्या, त्या यासाठीच की एकीचं यंत्र दुसरीच्या यंत्राशी जुळावं. कंपनी वेगळी असली की काही खास सोयी मिळत नाहीत, म्हणजे झाकण उघडताच टीव्हीवर बॅटरी दिसणं वगैरे. पण साधा आवाज यायला कंपनी आड येत नाही.

शेवटी घरी टेक्निशियन आला. उन्हातून मोटारसायकलवर आलेलं पोरगं, त्याला आधी पाणी दिलं. त्यानं रिमोटवर चार बटणं दाबली आणि तेच वाक्य म्हणाला. वरच्या खोलीत कोचिंगसाठी राहणारी मुलं आहेत आमच्याकडं. त्यातल्या एकाचा नेकबँड नेमका टीव्हीच्याच कंपनीचा. त्याला हाक मारली. "काकू, चार्जिंग थोडीच आहे," म्हणत तो खाली घेऊन आला. टेक्निशियनच्या हातात दिला आणि म्हणलं, घे, तुमच्याच कंपनीचा, जोड. त्यानं जोडून बघितलं. नाहीच लागला.

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या फोनवर एक ओटीपी आला असंल, तेवढा सांगा." हा ओटीपी म्हणजे तक्रार मिटल्याची तुमची सही. तो दिला की तक्रार बंद, आणि मग परत अमुक दाबा, तमुक दाबा. मी दिला नाही. म्हणलं, तुझ्या साहेबाला फोन लाव आणि स्पीकरवर टाक. साहेब पलीकडून अगदी सहज बोलले, "अरे, त्या मॉडेलमध्ये ब्लूटूथ फक्त रिमोटपुरतं आहे. ऑडिओ जात नाही." एवढंच! हे एक वाक्य पहिल्याच फोनला सांगितलं असतं तर रीसेट वाचलं असतं. ते मी जॉब शीटवर लिहून घेतलं, मग ओटीपी दिला आणि पोराला चहाही पाजला. त्याचा तरी काय दोष.

रिमोट जोडायला कमी वीज खाणारं ब्लूटूथ पुरतं. आवाज पाठवायला ए-टू-डीपी नावाची वेगळी सोय टीव्हीत असावी लागते. खोक्यावर चिन्ह मात्र दोन्हीला एकच. म्हणून आधी साउंडचा मेनू बघा. सॅमसंगच्या टीव्हीत साउंड आउटपुटखाली ब्लूटूथ स्पीकर लिस्ट असते, एलजीत साउंड आउटमध्ये ब्लूटूथ असतं, अँड्रॉइड टीव्हीत रिमोट आणि ॲक्सेसरीजमध्ये जाऊन जोडावं लागतं. तिथं इअरबड्स दिसले तर तुमचं काम पाच मिनिटांचं आहे.

आमच्यासारखं असेल तर ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्या. काडेपेटीएवढी डबी असते. ऑप्टिकल केबल चालणारीच बघून घ्या, कारण नव्या टीव्हींना हेडफोनचं भोक बरेचदा नसतंच. केबलच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या बारक्या टोप्या असतात, त्या काढायच्या. टोक टीव्हीत बसवलं की दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसतो, म्हणजे टीव्ही आवाज सोडतोय. मग साउंडमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम", म्हणजे साधा डिजिटल आवाज, करा. तिथं डॉल्बी किंवा ऑटो राहिलं तर डबीला ते उलगडत नाही आणि कानात चिडीचूप. डबीला वीज टीव्हीच्या यूएसबीतूनच दिली आहे.

डबीला पडदा नसतो, जवळ जे जोडणीसाठी तयार असेल ते ती पकडते. तेव्हा इअरबड्सची डबी उघडून बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवा. हो, त्याआधी घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. नाहीतर झाकण उघडलं की इअरबड्स आधी ओळखीच्या फोनकडंच पळतात.

आत्याबाई एकाच कानात घालतात, म्हणजे फाटक वाजलं तर कळतं. "ही बोंडं पडतील गं," म्हणून पहिल्यांदा कुरकुर झाली. वेगळ्या मापाचं रबर लावल्यावर थांबली. आमच्या टीव्हीत स्पीकर म्यूट केला तरी ऑप्टिकलमधून आवाज येत राहतो, त्यामुळं खोलीत शांतता आणि कीर्तन त्यांच्या कानात. मात्र आवाज कमी-जास्त रिमोटनं होत नाही, इअरबड्सवरच करावा लागतो. तेवढं लेकीनं त्यांना शिकवलं.

एक उणीव राहिलीच. ओठ आधी हलतात, शब्द किंचित मागून येतो. टीव्हीतलं ऑडिओ डिले वापरून उपयोग नाही, त्यानं आवाज आणखी मागं जातो, पुढं येत नाही. ॲपटीएक्स लो लेटन्सी नावाची कमी उशिराची सोय ट्रान्समीटर आणि इअरबड्स दोघांतही असेल तरच चालते, आमच्या इअरबड्समध्ये नाही. कीर्तनाला आणि मालिकेला चालून जातं. मॅचला आमच्या यांना चालत नाही, विकेट पडून जाते आणि मग ओरडा ऐकू येतो, म्हणून मॅच स्पीकरवर. त्या दिवशी लेक अभ्यासाला दुसरीकडं जाते.

नवा टीव्ही घ्यायला निघालात तर इअरबड्स खिशात टाकून जा, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातल्या टीव्हीलाच जोडून दाखवायला सांगा.