आंब्याखालचा वाफा : तिसऱ्या पावसाळ्याअखेरची नोंद

रत्नागिरीजवळच्या आमच्या परसात हापूसचे एक जुने झाड आहे आणि त्याच्या दाट सावलीत बहुवर्षायू झाडांचा वाफा उभा करण्याचा माझा प्रयत्न गेली तीन वर्षे चालू आहे. सावलीत काय तगेल, एवढाच विचार करून मी सुरुवात केली होती. पण आंब्याला ज्या महिन्यांत कोरडे राहायचे असते त्या महिन्यांत त्याच्याखालच्या झाडांनाही पाणी लागता कामा नये, ही अट अधिक महत्त्वाची आहे, हे मला फार उशिरा उमगले.

पहिल्या वर्षी मी नेचे, सिंगोनियम आणि सोनटक्का लावला. पावसाळाभर वाफा हिरवागार होता, परंतु डिसेंबरात नेच्यांची पाने कडेने करपू लागली आणि मला ते पाहवेना, म्हणून मी दिवसाआड पाणी घालत राहिलो. त्या हंगामात वाफ्याच्या बाजूच्या फांद्यांना मोहोराऐवजी कोवळी तांबूस पालवी आली. एका वर्षाच्या अनुभवावरून सगळा दोष पाण्याला देणे योग्य नाही. तरीही मोहोर येण्यापूर्वी आंब्याला पाण्याचा ताण बसावा लागतो, हे कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असते आणि मी नेमके त्याच्या उलट वागलो होतो.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी कंदवर्गीय झाडांकडे वळलो. पेवा, रानहळद, आंबेहळद आणि भुईचाफा ही झाडे पावसाबरोबर वाढतात आणि थंडी सुरू होताच पाने टाकून जमिनीखाली निजतात, त्यामुळे हिवाळ्यात त्यांना पाण्याची गरजच उरत नाही. पेव्याने तर माझे मन जिंकले आहे. त्याची पाने दांड्याभोवती जिन्याच्या पायऱ्यांसारखी वळत चढतात, आणि तांबड्या कणसातून रोज एखादे पांढरे, पातळ कागदासारखे फूल बाहेर येते. सोनटक्क्याला मात्र ओल हवी असल्याने तो मी मोरीच्या पाण्याजवळ, अळवाच्या शेजारी हलवला. यंदा तिथे त्याला भरपूर फुले आली.

भुईचाफ्याची नोंद वेगळी करावीशी वाटते. मे महिन्यात, एकही पान दिसत नसताना, सुक्या पातेऱ्यातून त्याची पांढरी-जांभळी फुले थेट जमिनीतून वर आली. त्यांचा वास घ्यायचा तर अक्षरशः जमिनीवर ओणवे व्हावे लागते. नेमका तोच आंबे उतरवण्याचा काळ असल्यामुळे दोन फुले पायाखाली चिरडली गेली, म्हणून आता प्रत्येक कंदाभोवती जांभ्याचे तुकडे मांडून ठेवले आहेत.

लागवडीबाबत दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बरीचशी वरच्याच थरात असतात, म्हणून वाफा सरसकट खणू नये. मी खुरप्याने मुळांमधल्या मोकळ्या जागा शोधून तिथेच तीन-चार इंचांचे खड्डे केले. दुसरे म्हणजे, उंची वाढवण्यासाठी बुंध्याला माती लावू नये, कारण सतत ओल राहिल्यास साल कुजते. पातेरा मात्र मी उचलत नाही. आंब्याची जाड पाने सावकाश कुजतात आणि तोवर निजलेल्या कंदांवर पांघरूण राहते.

मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट द्रव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. सिंगोनियमची रुंद पाने गेल्या वर्षी अशी पूर्ण काळवंडली होती. निजणाऱ्या कंदांची पाने त्या वेळी वर नसतातच, हा त्यांचा आणखी एक लाभ.

सध्या ऑक्टोबर संपत आला आहे. रानहळद पिवळी पडली आहे आणि पेव्याची खालची पाने गळू लागली आहेत. हिवाळ्यात वाफा अगदीच ओका दिसतो, म्हणून बुंध्यापासून दूर, कवडसे पडतात त्या कडेला, स्नेक प्लांटचे चार गड्डे लावले आहेत. ते महिनाभर पाण्याविना राहतात का, हे जानेवारीत पाहून कळवीन.