खर्ज, खुर्ची आणि ८ फुटांची खोली

माझा पहिला रिव्ह्यू मी स्वतःच डिलीट केलाय. एका बुकशेल्फ स्पीकरचा होता, आणि त्यात मी छातीठोकपणे लिहिलं होतं की बेस सुजलाय, तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, नुसता ढूं ढूं करतो. लोकांनी वाहवा केली, एकाने तर म्हणे ऑर्डर कॅन्सल केली. महिन्याभराने तीच जोडी मित्राच्या हॉलमध्ये लावली तर खर्ज एकदम साफ. घ्या!

घरी येऊन मोजायची टेप काढली. एका भिंतीला स्पीकर, समोरच्या भिंतीला माझी खुर्ची, मध्ये जेमतेम ८ फूट. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने ८ फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ७० हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमत राहतो. आणि काळी एक या पट्टीला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज किती? ६९ हर्ट्झ. म्हणजे सूर धरून ठेवला खोलीने आणि शिव्या खाल्ल्या स्पीकरने. खुर्ची ओढत खोलीच्या मधोमध आणली तर खर्ज जवळपास गायबच झाला, डोकं परत भिंतीला टेकवलं की हजर, असं मी अर्धा तास वेड्यासारखा पुढे-मागे करत बसलो होतो. खरं तर रिव्ह्यू तसाच ठेवून खाली दुरुस्ती लिहायला हवी होती, पण लाज वाटली.

म्हणून कोणी मेसेज करून विचारतं ना, दादा ऑडिओ रिव्ह्यूअर व्हायचंय, कुठला डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करून देणारा डबा) घेऊ, तर मी म्हणतो आधी टेप घे. आणि एक साधा मल्टिमीटर.

मल्टिमीटर कशाला, तर दोन अँप्लिफायरची तुलना करताना आवाज सारखा हवा, आणि सारखा म्हणजे कानाला वाटतो तसा नाही, मोजून. जरासा मोठा वाजणारा अँप मोठा वाटतच नाही, 'चांगला' वाटतो, बेस भरलेला वाटतो. (आवाज वाढला की खालचे सूर कानाला जास्त भरून ऐकू येतात हे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय.) मी १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघतो, कारण स्वस्तातला मीटर वरच्या सुरांना काहीही आकडा दाखवतो. एकीकडे २ व्होल्ट आणि दुसरीकडे २.०२, इथपर्यंत जुळलं की मग ऐकायला बसायचं.

तर असं जुळवून मी बायकोला स्विचपाशी बसवलं, मध्ये चादर. एक अँप माझा जुना, दुसरा त्याच्या सहापट किमतीचा, ज्याबद्दल मी आदल्याच दिवशी 'पडदा सरकल्यासारखं वाटतं' वगैरे लिहून ठेवलेलं. कुठला अँप वाजतोय ते १० वेळा ओळखलं, ५ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. बायको काही बोलली नाही, नुसती हसली, ते जास्त लागलं.

मी एकटाच नाही म्हणा यात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४ स्पीकर पडद्यामागे आणि डोळ्यांसमोर असे दोन्ही प्रकारे ठेवून ऐकवले, ऐकणारे हार्मन कंपनीचेच लोक. पडद्यामागे चांगले मार्क मिळवलेला छोटा स्वस्त सेट दिसल्याबरोबर खाली घसरला, मोठे देखणे स्पीकर वर गेले.

आता राहिले कान. कान तयार कसा होतो, तर माझ्या मते माईकशिवायचं गाणं-वाजवणं ऐकून. मिरजेला एका तानपुरे करणाऱ्यांच्या खोलीत बसलो होतो, त्यांनी घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि बंद आवाज असा फुलून उघडला की मी मोबाईल बाजूला ठेवला. जवारी (घोडीवर तार घासून येणारी ती झणकार) खुलणं म्हणजे काय हे कळलं की 'वॉर्म', 'ब्राइट' असले शब्द लागतच नाहीत हो. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, 'ना' टोचतो का, डग्ग्याची घुमारी बोटासारखी घसरते का एका जागी थबकते, तारेची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कुठे तुटते, आपल्याकडे एवढे नेमके शब्द पडलेत आणि आपण लिहितो 'साउंड सिग्नेचर मस्त आहे'.

कंपन्यांकडून रिव्ह्यूसाठी फुकटात आलेल्या मालाबद्दल फार लिहीत नाही. एका कंपनीची जोडी मी नावं ठेवून परत पाठवली, त्यानंतर तिकडून काही आलं नाही, संपला विषय.

सध्या दुसरी एक जोडी पॅसेजमध्ये खोक्यात पडून आहे आणि रिव्ह्यू कधी म्हणून रोज मेसेज येतोय. रविवारी बायकोला वेळ असेल तर चादर बांधू, नाहीतर पुढच्या रविवारी.